प्रकल्प नोंदी : माळकरी मामाच्या मांड्या

१५ जून २०२५, रविवार

मामा गेल्या आठवड्यात निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर सिन्नरपर्यंत चालून आला. आज सकाळी मामीनं त्याला माझ्यासमोर आणून बसवलं. "पँटी ढगळ व्हायला लागल्यात, पोट मात्र आहे तिथंच. हे काय ते बघ."

वय ५३, वजन ६१ किलो. गळ्यात तुळशीची माळ, म्हणजे अंड्याचाही प्रश्न नाही. अंबडच्या कारखान्यात पहिली पाळी, बाकीचा जीव सायकलीत. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत पूर्ण केली आणि शहरात अनेकांनी सायकली घेतल्या, त्यातला हा एक. बाकीच्यांच्या पुढे कपडे वाळत घालायच्या कामी आल्या, मामा ब्रेव्हेपर्यंत, म्हणजे मुदतीत पार करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीपर्यंत पोचला. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, एवढी मुदत त्यात असते. दमाची तक्रार नाही. चढावर सीटवरून उठून पेडल मारलं की मांड्या साथ सोडतात, ही तक्रार.

मोजमाप घेतलं. गुडघ्याच्या वाटीपासून १५ सेंटिमीटर वर मांडीचा घेर : उजवा ४६.५, डावा ४५.५. मुठीची पकड ३४ किलो. खांद्यावर वजनाचा दांडा घेऊन स्क्वॉट (बैठक), सलग पाच : ४० किलो. इतका सायकल चालवणारा माणूस म्हणून हा आकडा तोकडाच.

ठरलं ते असं. डिसेंबरात ३०० ची ब्रेव्हे. तोवर स्क्वॉट ६० किलोवर न्यायचा आणि लांब पल्ल्याच्या महिन्यांत तो खाली येऊ द्यायचा नाही. जेवण मामीच्याच स्वयंपाकघरातलं. माळेला बाध येईल असं काहीही नाही.

१८ जून, बुधवार

मामीकडून दिवसभराचं खाणं लिहून घेतलं. वाटी-चमच्याचं मोजमाप, म्हणून आकडे अंदाजे.

सकाळी चहा-पोहे : ६ ग्रॅम प्रथिनं. डब्यात तीन पोळ्या, भाजी, वरण : १८. चारला चहा-बिस्किटं : २. रात्री ज्वारीच्या दोन भाकरी, आमटी, थोडा भात, ताक : २२. झोपताना कपभर दूध : ६. एकूण ५४.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम. ६१ किलोला ५१ होतात, म्हणजे मामा तसा पास. पण ती शिफारस सर्वसाधारण निरोगी माणसासाठी आहे. नियमित व्यायाम करणाऱ्यांसाठी क्रीडा-पोषणातली मंडळी किलोमागे १.४ ते २ ग्रॅम सांगतात. आम्ही १.६ धरले, म्हणजे ९८. तूट चव्वेचाळीस ग्रॅमची.

माझ्या दृष्टीनं बेरजेपेक्षा वाटणी जास्त बिघडलेली आहे. पन्नाशीनंतर स्नायू कानानं जरा कमी ऐकतो. एका बैठकीत किलोमागे ०.४ ग्रॅम, म्हणजे मामाला २४-२५ ग्रॅम प्रथिनं मिळाली तर त्याला हाक ऐकू जाते. दिवसातून अशा तीन-चार हाका द्यायच्या. पोह्यांचे ६ म्हणजे कुजबुज.

"मग वरण वाढवते," मामी म्हणाली. एका वाटी वरणात ६-७ ग्रॅम. पंचविसासाठी चार वाट्या लागतील, वर पोळी-भात आहेच. शाकाहारात प्रथिनं नसतात हे बोलणं चूक आहे. ती पिष्ट, तंतू आणि पाण्याला सोबत घेऊन येतात आणि पोटात जागा मात्र तेवढीच असते, अडचण ही आहे. त्यात चार वाट्या डाळ खाऊन पहाटे त्र्यंबक रोडला सायकलीवर वाकून बघावं म्हणजे बाकीचं कळतं.

२४ जून, मंगळवार

रक्ताचे अहवाल आले. बी-१२ कमी, ड जीवनसत्त्व कमी, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) १८, तेही कमी. हिमोग्लोबिन ठीक. डॉक्टरांनी तिन्हींची औषधं दिली. शिवाय पुरुषात फेरिटिन इतकं कमी का, म्हणून पोटातून रक्त जात नाही ना याची तपासणी करायला लावली, ती स्वच्छ आली. हे विचारणारा डॉक्टर भेटला हे बरं झालं. नाहीतर "शाकाहारी ना, मग असणारच" एवढ्यावर विषय संपतो.

मोड आलेल्या कडधान्यात बी-१२ असतं असं मामाला कुणीतरी ठामपणे सांगितलेलं. नसतं. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला प्राण्यांकडून मिळतं. माळकऱ्याच्या ताटात दूध-दही सोडलं तर वाट नाही, आणि वयाबरोबर ते शोषून घेण्याची ताकदही उतरते. म्हणून गोळी.

ड जीवनसत्त्वाच्या मऊ कॅप्सूलवरून अर्धा तास गेला. मामानं विचारलं, हे कवच कशाचं? बहुतेकदा जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचं. डॉक्टरांना फोन करून त्याच मात्रेची पुडी घेतली. पुडीतलं ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनतं, हेही मी सांगून टाकलं. मामानं विचार केला. "लोकर कातरली तर मेंढी मरत नाही." मंजूर.

लोहाची गोळी पहाटे, लिंबूपाण्याबरोबर. दमदार व्यायामानंतर तीन ते सहा तास शरीरात हेप्सिडिन वाढलेलं असतं आणि ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही, म्हणून गोळी सायकलीच्या आधी. चहाही लोह अडवतो, म्हणून जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलला. सगळ्या प्रकल्पात मामानं सर्वांत जास्त कुरकुर केली ती या चहावरून.

२६ जून, गुरुवार

व्यायामाचा आराखडा. सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी सहा, माझ्या क्लिनिकात. स्क्वॉट, गुडघे थोडे वाकवून डेडलिफ्ट (वाकून दांडा उचलणं), हातात वजन घेऊन पायरीवर चढणं, टाचा उचलणं, पाठीसाठी रोइंग (वजन पोटाकडे ओढणं). पाच-सहा आवर्तनं, तीन फेऱ्या, मध्ये तीन मिनिटं विश्रांती.

मामा पंचवटीतल्या तालमीत वाढलेला. "आम्ही रोज पाचशे बैठका मारायचो, तेव्हा कुठं दांडा होता?" बैठका वाईट मुळीच नाहीत. हलक्या वजनानं अगदी दमेपर्यंत काम केलं तरी स्नायू वाढतो. पण एका दमात जोर लावायची ताकद हवी असेल तर जड वजन आणि थोडी आवर्तनं हाच जवळचा रस्ता. आणि पाचशे वेळा तेच ते हलकं काम तर त्याचे पाय सायकलीवर दर तासाला दहापट करतातच.

वजन उचलण्यापेक्षा त्याला तीन मिनिटं गप्प बसणं जड जातं. उपाय त्यानंच काढला : एक अभंग म्हणजे एक विश्रांती. शेजारच्या खाटेवर कंबरेला शेक घेणाऱ्या आजी आता सोमवार-गुरुवारचीच वेळ मागतात.

सहाच का? पहाटे साडेचारला तो गंगापूर धरणाकडून फेरी मारून कारखान्यात जातो. दोन्ही कामांत सहा तासांहून जास्त अंतर राहतं. १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन यांनी दहा आठवडे एका गटाकडून ताकदीचा आणि दमाचा व्यायाम एकत्र करून घेतला. सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत ताकद वाढली, नंतर थांबली आणि उतरू लागली. नुसती वजनं उचलणाऱ्यांची वाढतच गेली. त्यांचा दमाचा व्यायाम फार कडक होता, आपला तसा नाही. तरी अंतर ठेवायला पैसे पडत नाहीत.

४ जुलै, शुक्रवार

कांदेनवमी. मामीकडे भजी, थालीपीठ, झुणका, सगळं कांद्याचं. परवापासून कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं बंद.

मुद्द्याची अडचण सोयाबीनच्या वड्यांची. ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २६ ग्रॅम प्रथिनं, तीही चांगल्या प्रतीची. शिवाय स्वस्त. पण त्यांचा वास कांदा-लसणाशिवाय लपवायचा कसा? मामीनं दोन दिवस घेतले. वड्या मिठाच्या पाण्यात उकळायच्या, तीनदा घट्ट पिळायच्या, खलबत्त्यात ठेचून त्यांचा चुरा करायचा. मग भाजलेलं खोबरं, तीळ, गोडा मसाला, आमसूल. मी खाऊन पाहिलं. सोया आहे हे सांगितल्यावर कळतं.

दिवसाचं नवं गणित असं. सकाळी ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि दुधाच्या पेल्यात दोन मोठे चमचे दूध पावडर : २७. डब्यात ४० ग्रॅम वड्यांचा तो चुरा आणि तीन पोळ्या : २९. चारला फुटाणे-शेंगदाणे : १३. रात्री अर्धं बेसन, अर्धं सोयापीठ घालून पिठलं, दोन भाकरी, दही : २५ च्या आसपास. झोपतानाचं दूध आहेच. ९८ पार झाले, पोट फुगलं नाही, ताट ओळखीचं राहिलं. प्रथिनांच्या घटकांपैकी धान्यात लायसिन कमी, कडधान्यात मेथिओनिन कमी, म्हणून दोन्ही दिवसभरात पोटात गेली पाहिजेत. भाकरी-पिठलं खाणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

वजनाच्या दोन दिवशी रात्री व्हे पावडरचा (दुधातल्या प्रथिनांची पावडर) एक चमचा, ताकात घुसळून. डब्यावरचा हिरवा ठिपका मामीनं स्वतः बघून घेतला.

६ जुलै, रविवार

आषाढी. मामाच्या एरवीच्या एकादशीचा हिशेब : साबुदाणा खिचडी, बटाट्याची भाजी, वेफर्स, चहा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. सगळी मिळून वीसच्या आत, आणि ती दाण्याच्या कुटाची. महिन्यातून दोनदा हे होणार. कधी एकादशी सोमवारी येणार, म्हणजे उपाशीपोटी स्क्वॉट.

एकादशी सोड असं सांगणारा सल्लागार मामाच्या दारातूनच परत गेला असता. म्हणून फराळ बदलला. राजगिऱ्याची भाकरी (६० ग्रॅम पिठाची, ८), ६० ग्रॅम दाण्यांची आमटी (१५), अर्धा लिटर दूध (१६), दोन वाट्या दही (१०), १०० ग्रॅम घरचं पनीर जिरं-मिरची लावून (१८). ६७ ग्रॅम. रोजच्यापेक्षा कमी आहे, पण वीस आणि सदुसष्ट यांत फरक आहे. पंधरा दिवसांतून एकदा एवढी तूट स्नायूंना कळतही नाही.

पनीर उपासाला चालतं का, यावर मामी आणि तिच्या जावेचा फोन बराच वेळ चालला. निकाल : दूध फाडायला व्हिनेगर नको, लिंबू चालेल.

२१ जुलै, सोमवार

एकादशी आणि स्क्वॉट एकत्र. ४७.५ किलो, पाचाच्या तीन फेऱ्या. मामा म्हणाला, "पांडुरंगानं उचललं." मी वहीत मामाच्या नावावर लिहिलं.

आजपासून क्रिएटिनची पावडर, रोज ३ ग्रॅम. क्रिएटिन म्हणजे स्नायूंना झटपट जोर पुरवणारा पदार्थ. हे शरीर स्वतः थोडं बनवतं, बाकीचं मांस-मासळीतून येतं. त्यामुळे शाकाहारी माणसाच्या स्नायूंत त्याचा साठा मुळात कमी असतो आणि वरून दिलं तर फरक जास्त दिसतो. जड वजनाच्या शेवटच्या एक-दोन आवर्तनांत, चढावरच्या छोट्या जोरात ते उपयोगी पडतं. सुरुवातीला भरपूर घ्यायची गरज नाही, ३ ग्रॅमनं महिन्याभरात साठा भरतो.

मामी : "मांसात असतं म्हणतेस, मग हे आणलं कुठून?" कारखान्यात रसायनांपासून बनतं, प्राण्याचा संबंध नाही. "आणि एकादशीला?" मीठ चालतं ना, मग हेही चालेल, असं मामानंच ठरवलं. वजन किलोभर वाढेल, ते स्नायूंतलं पाणी असेल, घाट चढणाऱ्यानं त्यावरून काटा फेकून देऊ नये, हे आधीच सांगून ठेवलं.

९ ऑगस्ट, शनिवार

पाऊस, त्यात सिंहस्थाच्या कामांनी खणलेले रस्ते. सायकल कमी, वजनं नियमित. ५२.५ किलो. एवढंच.

२३ ऑगस्ट, शनिवार

कारखान्याच्या वार्षिक तपासणीत मामाचं क्रिएटिनिन १.३ आलं, प्रयोगशाळेची वरची मर्यादा १.२. कागदावर लाल ठसा. मामीनं रात्री साडेनऊला फोन केला : "त्या पावडरीनं किडन्या गेल्या त्याच्या."

क्रिएटिन आणि क्रिएटिनिन ही नावंच घोटाळा करतात. स्नायूंतलं क्रिएटिन वापरून झालं की त्याचं क्रिएटिनिन होतं आणि ते मूत्रपिंडं बाहेर टाकतात. साठा वाढवला की रक्तातलं क्रिएटिनिनही थोडं वर दिसू शकतं, मूत्रपिंडं ठणठणीत असली तरी. वर आदल्या संध्याकाळी डेडलिफ्ट झाली होती, जड व्यायामानंही तो आकडा चढतो. पण हे मी फोनवर सांगून मिटवायचं प्रकरण नव्हतं. सोमवारी मामाला डॉक्टरांकडे नेणार, पावडरीचा डबा हातात घेऊन.

३० ऑगस्ट, शनिवार

डॉक्टरांनी सिस्टॅटिन-सी मागवलं, म्हणजे मूत्रपिंडांचं काम दाखवणारी दुसरी रक्ततपासणी. ते स्नायूंच्या कमी-जास्त असण्यावर फारसं अवलंबून नसतं. सामान्य आलं. लघवीतही प्रथिनं नाहीत. क्रिएटिन चालू ठेवायला हरकत नाही, पुढच्या तपासणीच्या आधी दोन दिवस जड व्यायाम नको आणि काय घेतो ते प्रयोगशाळेच्या कागदावर लिहायचं. ज्याला मूत्रपिंडाचा मूळ त्रास आहे त्याला हे उत्तर लागू नाही, हे डॉक्टर दोनदा बोलले. क्लिनिकच्या फळ्यावर मी हे मोठ्या अक्षरांत लिहून लावलं आहे, कारण पावडर घेऊन मग तपासणी करणारी पोरं माझ्याकडे बरीच येतात.

मामीचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. गणपतीचे मोदक मला दोनच मिळाले.

१४ सप्टेंबर, रविवार

नांदुरी ते सप्तशृंगी गड, साधारण दहा किलोमीटरचा घाट. मार्चमध्ये मामाला ५७ मिनिटं लागली होती, आज ५२. ढग उतरलेले, रस्ता ओला, तरीही. शेवटच्या वळणांवर तो सीटवरून उठून चढत होता, ते मी मागून गाडीतून बघितलं. वजन ६२.४, म्हणजे जड होऊन लवकर पोचला.

नवरात्रात गडावर पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे पुढची चाचणी दिवाळीनंतरच.

५ ऑक्टोबर, रविवार

आता लांब पल्ले सुरू. शनिवार-रविवार मिळून अडीचशे किलोमीटर. मामाचा आग्रह : "ब्रेव्हे होईस्तोवर वजनं बंद ठेवू, पाय ताजे राहतील." गेल्या वर्षी त्यानं हेच केलं होतं आणि जानेवारीत पँटी ढगळ झाल्या.

आठवड्यातून एकच दिवस ठेवला, गुरुवार. फेऱ्या तीनऐवजी दोन. दांड्यावरचं वजन मात्र तेच, ५७.५. ताकद कमावायला जेवढं काम लागतं त्याच्या किती तरी कमी कामात ती टिकते, अट एवढीच की वजन हलकं करायचं नाही. नॉर्वेतल्या बेंट रॉन्नेस्टाड यांच्या गटानं २०१० मध्ये सायकलपटूंवर हेच दाखवलं : आधी बारा आठवडे आठवड्यातून दोनदा, मग शर्यतींच्या हंगामात तेरा आठवडे फक्त एकदा. ताकद टिकली, कामगिरीही सुधारली. लोक उलटं करतात. हंगामात वजन निम्मं करून आवर्तनं वीस-वीस काढतात, म्हणजे दमणं तेवढंच आणि टिकणं काही नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली, कार्तिकी झाली, मामीनं वांग्याचं भरीत केलं, सोयाला कांदा परत मिळाला. हे सगळं छान. पण काट्यावर मामा ६०.६. तीन आठवड्यांत पावणेदोन किलो गेले आणि गुरुवारी ५७.५ ची दुसरी फेरी तिसऱ्या आवर्तनाला अडली.

प्रथिनं तपासली, ९५ च्या वर आहेत. कमी पडतंय ते एकूण खाणं. सात-आठ तास सायकल आणि वाटेत दोन केळी, एक चहा. स्नायूंतली साखर संपत आली की शरीर प्रथिनंही चुलीत घालतं. मग सकाळची धिरडी स्नायूंना न जाता चढावर जळतात. प्रथिनं वाढवून हे भागणार नाही, पिष्ट वाढवायला हवं, आणि ते चालत्या सायकलीवर. तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं.

आपल्याकडे याचं सोनं आहे. ४० ग्रॅम मनुका म्हणजे ३० ग्रॅम कर्बोदकं, खिशात मावतात, उन्हात वितळत नाहीत. पिंपळगावच्या पेठेतून मामानं दोन किलो आणल्या. तासाला मूठभर मनुका आणि एक केळं, पाण्यात लिंबू-साखर-मीठ, दर तीन तासांनी राजगिऱ्याचा लाडू. वाटेतल्या मिसळीवर बंदी नाही, पण तिला प्रथिनांचा खुराक म्हणायचं नाही : वाटीभर मटकीत ७-८ ग्रॅम, बाकी तर्री आणि पाव. परतल्यावर अर्ध्या तासात ताक-व्हे आणि मऊ खिचडी.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

६१.७. ५७.५ च्या दोन्ही फेऱ्या पूर्ण. मनुका संपल्या, परत आणल्या.

७ डिसेंबर, रविवार

ब्रेव्हे झाली. चांदवड-मालेगावमार्गे धुळ्याच्या अलीकडून परत. १६ तास ४० मिनिटं, मुदत २० तासांची. राहुड घाटात जाताना-येताना उतरावं लागलं नाही. रात्री थंडी कडक, बोटं सुजली, मांड्यांबद्दल तक्रार नाही. चांदवडला मामी थर्मासमध्ये गरम दूध आणि डब्यात भाकरी-पिठलं घेऊन उभी होती. मामा वीस मिनिटं जेवला, मी घड्याळ दाखवलं, त्यानं दुसरी भाकरी घेतली.

१४ डिसेंबर, रविवार

आठवडाभर विश्रांती देऊन मोजमाप. वजन ६१.९. मांडी : उजवी ४८, डावी ४७.५. पकड ३८. स्क्वॉट सलग पाच : ६२.५ किलो. फेरिटिन ४१, बी-१२ मर्यादेत. पँट जुनीच, कंबरेचा पट्टा एक भोक आत.

यातलं किती धिरड्यांचं, किती दांड्याचं, किती भरलेल्या लोहाचं, हे वेगळं काढता येत नाही. माणूस एक, बदललं सगळं एकदम. मला विचाराल तर पहिला क्रमांक सकाळच्या नाश्त्याला आणि ऑक्टोबरात न सोडलेल्या गुरुवारला. व्हे आणि क्रिएटिन खूप मागून येतात. व्हे नसतं तरी दूध पावडर आणि सातूच्या ताकावर निभावलं असतं.

मामाला आता ६०० ची करायची आहे, चाळीस तासांची मुदत. मी जानेवारीपर्यंत दोन दिवस वजनं मागितलीत, तो दीडवर आलाय. दीड म्हणजे काय ते गुरुवारी ठरेल. तोवर : सोमवारी ६० किलो, तीन फेऱ्या, पायरीवर डावा पाय आधी. दूध पावडर संपत आलीय, मामीला सांगणे.